टिकाऊ रंग

“हे आठ दिवस टिकलं. आणि हे तीन.”

राजेश्रीताईंनी कापडी पिशवी दुकानाच्या फळीवर उलटी केली. प्लास्टिकचा मोडका झोका, कुरतडलेले मणी, फुटकी शिडी, चेपलेली घंटी आणि दोऱ्याचा एक गुंता बाहेर पडला. सूर्यभाननं लाकूड कातायचा खराद बंद केला, हातातली पटाशी बाजूला ठेवली आणि चष्मा कपाळावरून खाली ओढला.

“ही शिडी तर पाखरांनी आणली त्याच दिवशी फोडली,” राजेश्रीताई म्हणाल्या. त्या पंचायत समितीत नोकरीला होत्या. दुपारच्या सुट्टीत मुलीला घेऊन आल्या होत्या. “तुकडा गिळला तर काय, म्हणून कचेरीत लक्ष लागत नाही. या दोऱ्यात परवा मादीचं नख अडकलं. तासभर उलटी लोंबकळत होती बिचारी. काका, लाकडाचं काही करून द्याल का?”

“केवढं पाखरू हाय?”

अकरा वर्षांच्या भक्तीनं वितीभर माप दाखवलं. “कॉकाटील आहेत. डोक्यावर तुरा असतो. नर आहे तो तुर्रा, मादी शेवंती.” तिनं वहीचं एक पान पुढं केलं. त्यावर पेन्सिलीनं झोका, शिडी, कड्या, मणी काढलेले होते. कडीखाली लिहिलं होतं : ‘एवढी मोठी की डोकं अडकणार नाही, नाहीतर एवढी लहान की डोकं जाणारच नाही.’

सूर्यभान ते वाक्य वाचून खूश झाला. मापाचं बोलणारं गिऱ्हाईक त्याला कित्येक दिवसांत भेटलं नव्हतं. हल्ली येतील ते एवढंच विचारत, की प्लास्टिकपेक्षा स्वस्त पडेल का.

“कडुनिंबाचं करतो. त्येला कीड लागत न्हाई आन् पाखरानं चघळलं तरी बाधत न्हाई. खिळा कुठंच मारत न्हाई, समदं खाचेत बसवतो. तुमचं पाखरू म्हातारं हुईल, पर झोका मोडायचा न्हाई.”

“आणि रंग पिवळा!” भक्ती म्हणाली. “तुर्राचं तोंड पिवळं आहे, तस्सा.”

राजेश्रीताई थबकल्या. “रंग चालतो का पण पाखरांना? ते सारखं चोचीनं खरवडतात. पोटात गेला म्हणजे?”

सूर्यभान हसला. दुकानात आढ्याला टांगलेल्या पाळण्याकडे आणि भिंतीला टेकवलेल्या पांगुळगाड्यांकडे त्यानं हात केला. सगळे पिवळेधमक होते.

“ताई, तीस वर्सं झाली. ह्या गंगाखेडातल्या निम्म्या लेकरांनी ह्यो रंग चाटलाय. एकबी दगावलं न्हाई.”

राजेश्रीताईंनाही हसू आलं. त्यांचा स्वतःचा पांगुळगाडा याच दुकानातला होता, त्यांच्या आईनं तसं सांगितलं होतं.

सूर्यभानचा पिवळा त्या भागात नावाजलेला होता. त्याचे वडील लाखेचे रंग वापरायचे. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरायची, मग केवड्याचं पान लावून चकाकी आणायची. पण दारात उन्हात ठेवलेल्या गाड्याची लाख दोन उन्हाळ्यांत तडकायची. वडील वारले आणि त्याच वर्षी सूर्यभाननं लाखेच्या कांड्या पोत्यात बांधून माळ्यावर टाकल्या. परभणीच्या एका दुकानात मोठ्या पिंपातून सुटा तेलरंग मिळायचा, तो आणायला सुरुवात केली. त्या डब्यांवर ना नाव असायचं, ना चिठ्ठी. पण रंग असा बसायचा की पंधरा पंधरा वर्षं जात नव्हता. “टिकाऊ माल पाहिजे तर सूर्यभान पांचाळ,” असं लोक म्हणायचे. तेवढी एक ओळ त्यानं जन्मभर मिरवली. दुसरं मिरवण्यासारखं त्याच्याजवळ काही नव्हतं.

चार दिवस राबून त्यानं पाखरांची खेळणी केली. एवढं बारीक काम त्यानं कधी केलं नव्हतं. शिडीची एकेक पायरी त्यानं स्वतःच्या करंगळीवर घासून पाहिली, लाकडाची कूस राहू दिली नाही. कडीतून लिंबू जातं का पाहिलं. मग दोन हात पिवळा चढवला. भक्ती न्यायला आली तेव्हा तिनं तो झोका गालाला लावला होता.

दोन आठवड्यांनी राजेश्रीताई एकट्याच आल्या. तीच कापडी पिशवी त्यांनी हळूच फळीवर ठेवली. आत झोका होता, शिडी होती. मोडलं काहीच नव्हतं. फक्त झोक्याची दांडी एका बाजूनं पांढरी पडली होती. चोचीनं रंग खरवडून काढलेला होता.

“तुर्रा गेला,” त्या म्हणाल्या. “मंगळवारी. चार दिवस शी म्हणजे नुसतं हिरवं पाणी पडत होतं. मग खालीच बसून राहायला लागला, मान थरथरायची. परभणीला नेलं तेव्हा उशीर झाला होता. मादीला इंजेक्शनं चालू आहेत, ती वाचेल म्हणतात. डॉक्टरांनी तुर्राचा एक्स-रे फोटो काढला. पोटात रंगाचे कण निघाले.”

“आवो, कायतरी दुसरं खाल्लं आसंल.”

“काका, मी भांडायला आले नाही. तुम्हाला ठाऊक असावं म्हणून आले. भक्ती तीन दिवस जेवली नाही.”

त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. आवाज न चढवता त्या निघून गेल्या आणि सूर्यभानच्या जिवाला ते लागलं. तीस वर्षांच्या कामावर एका पाखरानं डाग लावला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पिवळ्याचा डबा पिशवीत घातला, राजेश्रीताईंकडून डॉक्टरांचं नाव विचारून घेतलं आणि परभणीची गाडी पकडली. डॉक्टरच्या तोंडून ‘रंगाचा दोष नाही’ एवढं वदवून घ्यायचं, मग बाईंना सांगायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

डॉ. सिद्धोधन खंदारे तरुण होता. दवाखान्यात शेळ्या, कुत्री आणि एक लंगडं वासरू होतं. त्यानं सूर्यभानला बसवलं, पाणी दिलं, डबा उघडून वास घेतला. मग खिडकीच्या उजेडात तो काळा फोटो धरला. पाखराच्या सापळ्यात, पोटाच्या जागी, खसखशीसारखे पांढरे ठिपके होते.

“हे शिसं आहे काका. सुट्या तेलरंगात पुष्कळदा असतं, पिवळ्यात आणि केशरीत जास्त. आता चांगल्या डब्यांवर ‘शिसं नाही’ असं छापलेलं असतं. पाखराच्या खेळण्याला तर रंगच नको. कोरं लाकूड द्यायचं. साखळी जस्त चढवलेली नको, स्टीलची पाहिजे. घंटीला फट नको, सुटा दोरा नको. बाईंनी झोका आणला होता, तुमचं काम मी पाहिलं. इतकं पक्कं खेळणं बाजारात नाही. तेच वाईट झालं. कच्चं असतं तर मोडलं असतं, फेकलं गेलं असतं.”

“पर तीस वर्सं लेकरं चाटायलेत ह्यो रंग. एक मेलं न्हाई.”

डॉक्टरनं डब्याचं झाकण दाबून बसवलं.

“मी जनावरांचा डॉक्टर आहे. पण शिकलोय तेवढं सांगतो. पाखरू लहान, म्हणून मरतं. लेकरं सहसा मरत नाहीत.”

“मंग?”

“मागं राहतात. उशिरा बोलतात. शिकवलेलं ध्यानात राहत नाही.”

सूर्यभाननं खुर्चीचा हात धरला. “केवढी लेकरं?”

“दात येतानाची जास्त. एक-दीड वर्षाची. ती सगळं तोंडात घालतात ना. आणि हा रंग जरा गोडसर लागतो म्हणतात, त्यामुळं पुन्हा पुन्हा चाटतात.”

“मपला लेक सत्तावीस वर्साचा हाय,” सूर्यभान म्हणाला. “त्येला बगून सांगता येतं का?”

डॉक्टरच्या ध्यानात आलं. त्यानं मान हलवली. “इतक्या वर्षांनी नाही सांगता येणार, काका. हजार कारणं असतात. हेच असेल असं कुणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही.” मग डबा त्याच्या पुढं सरकवत तो म्हणाला, “नसेलच असंही नाही सांगणार.”

गाडीत सूर्यभानला जागा मिळाली, पण तो दारातच उभा राहिला. पोखर्णीला गाडी थांबली, सुटली. त्याच्या नजरेसमोर एकच चित्र होतं. लेक बालाजी तेव्हा वर्षाचा होता. घरात पापड-कुरडयांची गडबड, म्हणून बायको पार्वती त्याला दुकानात आणून सोडायची. तो भुशात बसायचा. हिरड्या शिवशिवायच्या, रडायचा. सूर्यभाननं पांगुळगाड्याच्या एका पिवळ्या कडीला लांब दोरी लावून ती करगोट्याला बांधून दिली होती. तो दिवसभर ती चघळत गप बसायचा. “बग, कसं गुणाचं हाय,” असं सूर्यभान आल्यागेल्याला सांगायचा.

बालाजी तीन वर्षांचा झाला तरी ‘माय’ आणि ‘पानी’च्या पुढं गेला नाही. शाळेत घातला, दोन वर्षांनी मास्तरांनी परत पाठवला. सूर्यभानच्या आईनं तेव्हाच निकाल दिला होता. सातव्या महिन्यात ग्रहणाच्या दिवशी पार्वतीनं दोडका चिरला होता. खरं म्हणजे पाहुणे दारात आले होते आणि चिरायला आईनंच सांगितलं होतं. पण ते कुणी बोललं नाही. “गिराण पाळलं न्हाई सटवीनं, लेकराच्या डोक्यावर काडलं,” असं म्हातारी येईल त्याला सांगायची. लग्नात, बारशात, पाणवठ्यावर. सूर्यभाननं आईला कधी अडवलं नाही. अडवणं तर राहिलंच, एकदा भाऊबंदांच्या पंगतीत बालाजीनं ताट उलटं केलं तेव्हा तो सगळ्यांदेखत बायकोला म्हणाला होता, “तुज्या एका दोडक्यापायी जिंदगी बरबाद झाली.”

पार्वतीला दुसरं लेकरू हवं होतं. दोन वर्षं ती नवऱ्याच्या मागं लागली होती. “दुसरंबी आसंच निगालं तर?” असं म्हणून त्यानं स्वतः तिला दवाखान्यात नेऊन ऑपरेशन करून आणलं. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती.

गावात उतरून तो दुकान उघडायला गेला तर बालाजी पायरीवर वाट पाहत बसला होता. अंगानं थोराड, दाढी वाढलेली, डोळे निवळ. बापाला पाहून त्यानं केरसुणी उचलली आणि भुसा गोळा करू लागला. तेवढं काम तो मन लावून करायचा. सूर्यभाननं त्याच्याकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली.

घरी तो काही बोलला नाही. डॉक्टरनं ‘हेच असेल असं नाही’ म्हटलं होतं. ते वाक्य तो सात-आठ दिवस धरून बसला. पिवळ्याचे डबे मात्र त्यानं मागच्या खोलीत कोंडले. पाळणे, गाडे खाली काढून पॉलिशकागदानं घासायला घेतले, तर पिवळी धूळ उडायला लागली. बालाजी जवळ आला तसा तो त्याच्यावर ओरडला, “बाहेर हो! बाहेर हो म्हनलं ना!” बालाजी भिऊन रस्त्यापलीकडं जाऊन उभा राहिला.

झरीला त्याची बहीण होती. तिच्या नातवाला त्यानं दिवाळीत गाडा दिला होता. तो परत आणायला तो मुद्दाम गेला. बहीण म्हणाली, “दादा, दिल्यालं कुनी परत नेतं का? लेकरू दिसभर खेळतंय. आन् रंगानं काय हुतंय, आमी काय आसल्याच गाड्यावर मोठे झालो न्हाई का?” “आबाचा गाडा लाखेचा व्हता,” तो म्हणाला. तिला फरक कळला नाही. पोर गाड्याच्या दांडीला तोंड लावून उभं होतं, तोंडातून लाळ गळत होती. सूर्यभाननं गाडा उचलला तसं ते किंचाळलं. बहिणीनं त्याच्या हातातून गाडा ओढून घेतला. “डोस्कं फिरलंय ह्येचं,” ती सुनेला म्हणाली. तो हात हलवत परत आला. एका घरातला एक गाडा त्याला परत आणता आला नव्हता, आणि असे किती गाडे किती गावांत गेले होते, कुणास ठाऊक.

मग त्यानं पुन्हा कडुनिंब काढलं. झोका, शिडी, मणी, सगळं नव्यानं केलं. रंग नाही, पॉलिश नाही. परभणीहून आणलेल्या स्टीलच्या कड्या घातल्या. कोरी खेळणी त्याला उघडी वाटत होती, अंगावर कापड नसलेली. ती घेऊन तो संध्याकाळी राजेश्रीताईंच्या घरी गेला.

पिंजरा खिडकीत होता. शेवंती एकटी दांडीवर बसली होती, पिसं फुलवून. राजेश्रीताईंनी त्याला बसा म्हटलं, चहा टाकायला त्या आत गेल्या. भक्तीनं झोका हातात घेतला. गालाला लावला नाही. तिनं बोट जिभेवर ओलं केलं, लाकडावर घासलं आणि बोटाला काही लागलंय का ते उजेडात पाहिलं. मग दुसऱ्या बाजूनं घासलं. मग प्रत्येक मणी. सूर्यभान गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिला. आपल्या मालाची अशी तपासणी जन्मात कुणी केली नव्हती, आणि तीस वर्षांपूर्वी कुणीतरी करायला पाहिजे होती, असं त्याच्या मनात आलं.

“याला रंग नाही ना?”

“न्हाई बाळा. नुस्तं लाकूड हाय. डॉक्टरला इचारून केलंय.”

भक्तीनं खेळणी पिंजऱ्यात घातली नाहीत. फडताळावर नीट मांडून ठेवली. मग तिनं सरळच विचारलं, “काका, तुमच्या घरी लहान बाळ होतं तेव्हा त्याला पण हाच रंग होता का?”

आतून कपबश्यांचा आवाज येत होता.

“व्हय,” सूर्यभान म्हणाला. “हाच.”

चहा न घेताच तो उठला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पार्वती नेहमीसारखी भाकरीचं फडकं घेऊन दुकानात आली. बालाजीला भाकरी कुस्करून दिली, वर पिठलं घातलं, आणि नवऱ्याचं ताट वाढायला घेतलं. “ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “आदी बस. एक सांगायचंय.”

त्यानं सगळं सांगितलं. पाखरू, फोटो, पांढरे ठिपके, दात येतानाची लेकरं. डॉक्टरनं नक्की सांगितलं नाही, हेही सांगितलं. ते सांगताना आपण पळवाट शोधतोय असं त्याला वाटलं, म्हणून त्यानं पुढं जोडलं, “पर मला वाटतंय, तेच हाय.”

पार्वतीनं पदर डोळ्यांना लावला नाही. ती बालाजीच्या हनुवटीवरचं पिठलं पुसत होती. ते पुसून झालं.

“मी काडून घेतली होती ती कडी,” ती म्हणाली. “याद हाय का तुमाला? त्येचं तोंड पिवळं व्हायचं. मी म्हनले, रंग पोटात जायलाय लेकराच्या. तुमी म्हनले, काय हुत न्हाई, टिकाऊ हाय. आन् परत बांदली.”

सूर्यभानला ते आठवत नव्हतं. पण ती खोटं बोलत नव्हती, हे त्याला कळत होतं.

“मंग मी न्हवते,” ती म्हणाली. स्वतःशीच बोलल्यासारखी. “इतकी वर्सं मी गिराण आलं की चूल पेटवली न्हाई, पानी पेले न्हाई, एका जागी बसून ऱ्हायले. म्हनलं, आता तरी फिटंल. आन् मी न्हवतेच.”

“चुकलं मपलं.”

“आत्याबाई मेल्या,” ती सासूबद्दल म्हणाली. “तुमचे चुलते मेले, काकू मेल्या. ज्येंनी ज्येंनी मला बोल लावला ते समदे मेले. आता म्या हे कुनाला सांगू?”

रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली. मग पार्वती उठली, पदर खोचला.

“मपली माय जित्ती हाय. तिला आत्याबाई दारात उबं करून बोलल्या होत्या, लेकीला वळन लावलं न्हाई म्हनून. त्या दिसापासून ती आपल्या घराची पायरी चडली न्हाई. तिला सांगा. तुमच्या तोंडानं सांगा, मी न्हाई सांगायची.”

रविवारी तिघं एसटीनं राणीसावरगावला गेले. पार्वतीचा भाऊ भागवत शेतात होता. अंगणात तिची आई बायनाबाई सूप घेऊन तूर पाखडत बसल्या होत्या. ऐंशी उलटली होती, पाठीचा कोयता झाला होता आणि कानांनी ठार. शेजारच्या दोघीतिघी त्यांच्याबरोबर खडे निवडत होत्या. जावयाला पाहून म्हातारीनं डोक्यावर पदर घेतला.

सूर्यभान उकिडवा बसला. चारचौघींत नको म्हणून त्यानं हळू आवाजात सुरुवात केली.

“काय?” बायनाबाई म्हणाल्या.

तो थोडं मोठ्यानं बोलला. “बालाजीचं त्ये गिराणामुळं न्हवतं झालं.”

“गिराण?” म्हातारीच्या हातातलं सूप थांबलं. तिनं वर आभाळाकडं पाहिलं, मग घाबरून लेकीचा हात धरला. “आज गिराण हाय? मंग हितं उगड्यावर काहून बसली गं? चल आत. काही चिरू नगं, काही तोडू नगं. चल, ऊठ.”

ती खरोखरच पार्वतीला ओढायला लागली. शेजारणी हसल्या, मग पार्वतीचं तोंड पाहून गप झाल्या. पार्वतीनं हात सोडवून घेतला नाही, पण उठलीही नाही. ती नवऱ्याकडं पाहत राहिली.

तेव्हा सूर्यभान उभा राहिला. खरादाच्या आवाजावरून बोलायची त्याच्या गळ्याला सवय होती. तो आवाज त्यानं लावला.

“तुमच्या लेकीची गलती न्हवती! मपली गलती होती! म्याच लेकराला रंग चारला! म्या!”

कुंपणापलीकडं कुणीतरी डोकं वर काढलं. समोरच्या घरातून एक म्हातारा काठी टेकत दारात आला. बायनाबाईंनी कानामागं हात धरला होता. “काय म्हनायलेत?” त्यांनी लेकीला विचारलं. पार्वतीनं उत्तर दिलं नाही. सूर्यभाननं पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्याचा आवाज फाटला. एका शेजारणीला राहवलं नाही, ती म्हातारीच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, “पारबतीची चूक न्हवती म्हनायलेत, त्येंची होती म्हनायलेत!”

बायनाबाईंनी जावयाकडं पाहिलं. मग पुन्हा सूप हातात घेतलं.

“आता सांगायलेत व्हय,” त्या म्हणाल्या आणि तूर पाखडू लागल्या.

जेवणं झाली. परतीच्या गाडीची वेळ झाली तशी सूर्यभाननं पिशवी उचलली. पार्वती ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती.

“मी हितंच ऱ्हाते आता काही दिस,” ती म्हणाली. बालाजी झाल्यापासून ती माहेरी दोन रात्रींच्या वर राहिली नव्हती. बालाजीला कोण बघणार म्हणून. “बालाजीला तुमी न्या. सकाळी त्येला दूध लागतं, साय काडून. न्हाताना डोक्यावर एकदम पानी वतू नका, भितो. आन् अंधारात त्येला एकटं ठिवू नका.”

“कवा येशील?”

“बगू,” ती म्हणाली.

बालाजी आईशिवाय हलेना. भागवतनं आणि सूर्यभाननं त्याला दोन्ही बाजूंनी धरून रस्त्यापर्यंत आणलं. आईनं ओसरीवरून हात केला तेव्हा तो थांबला, आणि मग एकदम शांत होऊन बापामागून चालू लागला.

फाट्यावर पाच-सहा माणसं गाडीची वाट पाहत उभी होती. बालाजी पाय ओढत चालत होता. सूर्यभाननं खाली पाहिलं. घाईत लेकानं चपला उलट्या घातल्या होत्या, उजवी डाव्या पायात. पट्ट्यानं अंगठा सोलून निघाला होता, तरी तो काही बोलला नव्हता. घरून निघताना रोज हे कोण बघत असेल, हे सूर्यभानला आजवर कधी सुचलंच नव्हतं.

दूरवर गाडी दिसली. माणसं पुढं सरकली. सूर्यभान तिथंच धुळीत गुडघ्यांवर बसला, लेकाचा एक पाय उचलून मांडीवर घेतला आणि चपलेचा पट्टा सोडायला लागला. बालाजीचा तोल जाऊ लागला. पडू नये म्हणून त्यानं बापाच्या टकलावर हात टेकवला आणि तो तसाच एका पायावर उभा राहिला.